‘विंटर एंजिन’चा शेवट

नागसेन ओव्हाळ यांना गाण्याला मार्क देताना दशांश चिन्हापुढे दोन आकडे लागत. छत्तीस वर्षं त्यांनी पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये काढली होती, त्यातली शेवटची अकरा तपासणी विभागात. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, मायक्रोमीटर हातातून गेला, पण सवय गेली नव्हती. ‘ऑर्चर्ड क्लॉक’ या इंग्लिश बँडच्या एखाद्या गाण्याला ते आठ पूर्णांक पंचवीस देत, आणि साडेआठ का नाही असं कुणी विचारलं की ऑर्गन कुठे ढिला पडतो ते मिनिट-सेकंदासकट सांगत.

ऑर्चर्ड क्लॉक म्हणजे पाच जणांचा बँड. १९७० साली सुरू झाला, नऊ वर्षांत सात रेकॉर्डी काढल्या आणि आपसांत भांडून फुटला. गाणी लांबलचक. ताल असा, की टाळी कुठे द्यायची हे उमजेपर्यंत बदललेला. भोसरीपासून चाकणपर्यंत या बँडचे चाहते किती असतील सांगता येत नाही, पण दर रविवारी सकाळी दहा वाजता दिघीला, ओव्हाळांच्या गच्चीवरच्या खोलीत, तीन जण जमत. एक स्वतः ओव्हाळ.

दुसरा जयसिंग. मूळचा औशाकडचा, चाकणला फोर्कलिफ्ट दुरुस्तीचं दुकान. दहा वर्षांपूर्वी ओव्हाळांच्या कंपनीत फोर्कलिफ्ट दुरुस्त करायला आला होता तेव्हा ओव्हाळ टेबलावर बोटांनी ठेका धरून काहीतरी गुणगुणत होते. जयसिंग गावाकडे भजनी मंडळात मृदंग वाजवायचा. त्यानं पान्यासकट थांबून मात्रा मोजल्या आणि विचारलं, “हे रूपक हाय का ओ?” सात मात्रांचं ते गाणं ओव्हाळांनी त्याला दुसऱ्याच दिवशी पेन ड्राइव्हवर भरून दिलं. तेव्हापासून जयसिंगच्या पिकअपमध्ये दुसरं काही वाजलं नाही. गाण्याची त्याची पारख एकच होती. मोशी ते चाकण या रस्त्यावर गाडी अडकलेली असताना जे गाणं ऐकून शेजारच्या ट्रकवाल्याला शिवी द्यावीशी वाटत नाही, ते चांगलं.

तिसरी करिष्मा. वय एकोणतीस, भोसरीत राहायची आणि हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासायची. बसस्टॉपवर तिच्या टी-शर्टवर बँडचं चित्र पाहून ओव्हाळांनी तिला विचारलं होतं, की बँड ऐकतेस की नुसता शर्ट घालतेस. तिला राग आला. तिनं सातही रेकॉर्डींवरच्या ड्रमवाल्यांची नावं क्रमानं म्हणून दाखवली, आणि पाचव्या रेकॉर्डवरचं नाव ओव्हाळांना माहीत नव्हतं असं लक्षात आल्यावर तेही दोनदा सांगितलं. पुढच्या रविवारी ती गच्चीवर हजर होती. तेव्हापासून ती त्यांना काका म्हणायची आणि संधी मिळाली की पाचव्या रेकॉर्डची आठवण करून द्यायची.

चौथी व्यक्ती खालच्या मजल्यावर असायची. ओव्हाळांच्या पत्नी विजयश्री महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, रिटायरमेंटला थोडेच महिने उरलेले. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून हा बँड त्यांच्या घरात होता आणि त्यांनी त्याला कायमच्या पाहुण्यासारखं वागवलं होतं. त्या त्याला ‘घड्याळवाले’ म्हणत. घड्याळवाले आज किती वेळ बसणार आहेत, असं त्या जिन्यातून वर विचारायच्या, म्हणजे स्वयंपाकाचा अंदाज येई.

यंदा बँडच्या पहिल्या रेकॉर्डला पंचावन्न वर्षं झाली. परदेशातल्या चाहत्यांनी चालवलेल्या एका वेबसाइटनं शहराशहरांतून दहा आवडत्या गाण्यांच्या याद्या मागवल्या. पुण्यानं आपली यादी पाठवलीसुद्धा होती, एक्केचाळीस जणांच्या सह्यांनिशी. करिष्मानं ती वाचून दाखवली तसा जयसिंग खुर्चीत पुढे सरकला. पुण्याच्या यादीत आपण मोडत नाही, असं त्याचं म्हणणं. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी आहे तर यादीही वेगळी पाहिजे. ओव्हाळांना हे तत्त्व म्हणून पटलं. अडचण एवढीच होती, की एका शहरातून निदान चार मतदार हवेत असा नियम होता.

तिघांनी जिन्याकडे पाहिलं.

विजयश्रींनी आधी नकार दिला, मग अट घातली. मत देईन, पण मला कुणी समजावून सांगायचं नाही. हा ऑर्गन काय म्हणतोय, हा मधला भाग कशाचं प्रतीक आहे, यातलं काहीही नको. चौतीस वर्षं ऐकून घेतलंय तेवढं पुरे. अट मान्य झाली आणि त्या हातात निवडायच्या मेथीची जुडी घेऊन वर येऊन बसल्या.

पहिल्या तीन रविवारांत नऊ गाणी ठरली. ठरताना बरंच ताणलं गेलं. मीठ वाहून नेण्याच्या जुन्या रस्त्याबद्दलच्या एका गाण्याला ओव्हाळांनी नऊ पूर्णांक दहा दिले, तर जयसिंग म्हणाला की ते मोशीच्या चौकात सुरू केलं तर कुरुळीपर्यंत संपत नाही आणि तोवर माणूस खारट होतो. करिष्माला सगळ्यात आवडणारं गाणं तीन मिनिटांचं आणि साधं होतं. ओव्हाळांनी त्याला बालवाडीचं गाणं ठरवलं. त्यावर विजयश्री मेथी निवडता निवडता म्हणाल्या, की घरात तेच एक गाणं त्यांच्या तोंडून सुरात येतं. गाणं सहाव्या नंबरावर गेलं. मृदंगाचे बोल घालून जयसिंगनं एक गाणं म्हणून दाखवलं तेव्हा मूळ गाण्यापेक्षा हेच यादीत घालावं, असंही एक मत पडलं.

पहिल्या नंबरावर मात्र वाद नव्हता. ‘विंटर एंजिन’. बर्फात अडकलेल्या एका रेल्वे इंजिनाची आणि त्याच्या ड्रायव्हरची लांबलचक गोष्ट. तिघांचंही ते सर्वांत लाडकं गाणं, आणि तिघंही नेहमी त्याच्या शेवटाचं कौतुक करत.

ओव्हाळांचं तर त्या शेवटावर आयुष्य उभं होतं. इंजिन धापा टाकत हळूहळू थांबतं, लोखंडावर हातोड्याचा एक घाव पडतो, आणि गाणं संपतं. निरोप नाही, समारोप नाही. कामगाराचं जगणं असंच संपतं, असं ते सांगायचे. कंपनीच्या दिवाळी अंकात ‘थांबावं कसं’ नावाचा लेख त्यांनी यावरच लिहिला होता. रिटायर झाले त्या दिवशीच्या समारंभात ते भाषणाला उठले, दोन वाक्यं बोलले, टेबलावर बोटांच्या पेरांनी एकदाच ठोकलं आणि खाली बसले. सभागृहात कुणाला काही कळलं नाही. गळा दाटून आला असं समजून एचआरच्या मुलीनं पाण्याचा ग्लास आणून दिला. विजयश्री समोरच्या रांगेत होत्या. ‘पाणी हवंय का’ असं त्या त्यांना अजूनही अधूनमधून विचारायच्या, विशेषतः ते एखादी गोष्ट अर्धवट सांगून थांबले की.

वेबसाइटला पहिल्या गाण्याबद्दल दोन ओळी हव्या होत्या. चौथ्या रविवारी करिष्मानं लिहून आणलेल्या ओळी वाचल्या. तिनं लिहिलं होतं, की इंजिन थांबल्यावरची शेवटची चार मिनिटं म्हणजे या बँडनं केलेलं सर्वांत हळुवार काम आहे. ड्रायव्हर चालत घरी पोचतो, आणि बासरीवर पहिलीच धून परत येते.

“कुठली बासरी?” ओव्हाळांनी विचारलं.

करिष्माला वाटलं काका गंमत करताहेत. शेवटची बासरी, ती म्हणाली. ओव्हाळ म्हणाले, शेवटी बासरी नाही, हातोडा आहे. तिनं जयसिंगकडे पाहिलं. जयसिंगनंही हातोडाच सांगितला. तो साहजिकच हातोडा सांगणार होता, कारण त्याचं गाणं ओव्हाळांच्या पेन ड्राइव्हवरून आलेलं, आणि पेन ड्राइव्हवरचं ओव्हाळांच्या जुन्या कॅसेटवरून. फोनवर गाणी ऐकणं ओव्हाळांना मान्य नव्हतं, आणि हे गाणं सगळ्यांना पाठ म्हणून रविवारी ते कधी लावलंच गेलं नव्हतं. त्यामुळे दोन वर्षं ही तीन माणसं एकाच गाण्याच्या दोन वेगवेगळ्या शेवटांवर माना डोलावत होती.

करिष्मानं फोनवर गाणं लावलं आणि शेवटाकडे नेलं. इंजिन थांबलं. हातोडा पडला. मग शांतता झाली, चांगली लांब. आणि त्या शांततेतून, एखादा माणूस दाराशी घुटमळावा तशी, बासरी आली.

चार मिनिटं कुणी हललं नाही. संपल्यावर जयसिंग म्हणाला, की त्याला दहा वर्षं वाटत होतं, हातोड्याबरोबर इंजिन कायमचं बिघडलं. त्यानं चाकणच्या सगळ्या पोरांना तसंच सांगितलं होतं.

विजयश्री आधी हसल्या. दिवाळी अंकाचं आता शुद्धिपत्र काढावं लागेल, असंही म्हणाल्या. पण मग अचानक गॅसवर काहीतरी असल्याची आठवण होऊन त्या खाली गेल्या, आणि परत वर आल्या नाहीत.

ओव्हाळांनी वही मिटली. चष्मा काढून पुसला. गाणं त्यांनी बिघडवलंय, एवढंच ते म्हणाले. त्यांनी म्हणजे बँडनं.

पुढच्या रविवारी ग्रुपवर मेसेज आला, की घरी काम आहे, बैठक नाही. जयसिंग आणि करिष्मा दोघांनाही चुटपुट लागली. करिष्मानं जयसिंगला फोन करून विचारलं, की आपण जास्तच चिडवलं का. जयसिंगचं म्हणणं, चिडवायला वेळच मिळाला नाही. तरी त्यानं विजयश्रींना फोन लावला. त्या म्हणाल्या, बरे आहेत, वर आहेत, कॅसेट घेऊन बसलेत. वहिनींचा आवाज नेहमीसारखा खेळकर नव्हता, असं जयसिंगनं करिष्माला कळवलं.

वर ओव्हाळ खरोखरच कामाला लागले होते. त्यांनी स्टॉपवॉच लावून कॅसेटवरचं गाणं मोजलं. एकोणीस मिनिटं बेचाळीस सेकंद. त्यापुढे दहा मिनिटं नुसती खरखर. म्हणजे फीत संपली म्हणून गाणं तुटलं, असं नव्हतं. जागा भरपूर होती. बँडचा दोष नाही, फितीचा नाही. मग रेकॉर्डिंग कुणी थांबवलं? एखादा जॉब नापास झाला की कारण शोधायचा जो तक्ता ते कंपनीत भरायचे, तसाच त्यांनी वहीत आखला आणि एक्क्याण्णव सालापर्यंत मागे गेले.

त्या वर्षी कंपनीत इंग्लंडहून एक मोठं बोअरिंग मशीन आलं होतं आणि ते बसवायला डॉबसन नावाचा फिटर. सहा आठवडे ओव्हाळ त्याच्या हाताखाली होते. विजयश्रींच्या हातचं पिठलं आणि भाकरी खायला तो दोनदा घरीही आला. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं आपली या बँडची कॅसेट एका दिवसासाठी दिली. ओव्हाळांनी शेजारून डबल कॅसेटचा टेपरेकॉर्डर मागून आणला. एक बाजू त्यांनी स्वतः भरली. मग त्यांना सेकंड शिफ्टला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉबसनची कॅसेट त्याला परत गेली आणि तो विमानानं निघून गेला.

तक्त्यात एक रकाना रिकामा राहिला. दुसरी बाजू भरली तेव्हा घरी कोण होतं?

याशिवाय आणखी एक पुरावा होता, तो त्यांनी वहीत लिहिला नाही. पाणी हवंय का, असं त्या रविवारपासून त्यांना घरात कुणी विचारलं नव्हतं.

बुधवारी सकाळी विजयश्री दवाखान्याच्या गणवेशात चहा घेऊन गच्चीवर आल्या. ओव्हाळांनी वही उघडीच ठेवली होती. विजयश्रींनी ती उभ्याउभ्या वाचली आणि कप खाली ठेवला.

“मीच बंद केला होता टेप,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. जाताना ओव्हाळ बजावून गेले होते, की गाणं संपलं की दोन्ही बटणं एकदम दाबायची, नाहीतर खट्ट आवाज फितीवर येतो. त्या सगळा वेळ टेपरेकॉर्डरसमोर बसून होत्या. लग्नाला वर्ष झालेलं, नवऱ्यानं पहिल्यांदाच इतक्या जिवाभावाची वस्तू सोपवलेली. इंजिन थांबलं, हातोडा पडला, आवाज गेला. त्यांनी मनात दहा अंक मोजले. त्या काळी त्या भोसरीच्या दवाखान्यात शिकाऊ होत्या, नाडीसुद्धा मोजूनच बघायच्या. दहा झाले, काही आलं नाही, तेव्हा त्यांनी बटणं दाबली. अकरा वाजता ओव्हाळ घरी आले, त्यांनी शेवट ऐकला आणि खूश झाले, मग आणखी काही विचारायचा प्रश्नच आला नाही. परवा बासरी ऐकली तेव्हा कुठे त्यांना कळलं, की आपण काय केलं होतं.

“एवढा मोठा लेखबिख लिहिलात तुम्ही त्याच्यावर,” त्या म्हणाल्या. “मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.”

ओव्हाळांनी वही आपल्याकडे ओढली. पान उलटून त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. मूळ गाण्यातली शांतता त्यांनी मोजली होती. बारा सेकंद.

“दोन सेकंदांनी हुकलीस,” ते म्हणाले.

विजयश्रींनी त्या आकड्याकडे पाहिलं. आधी त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू, आणि ते थांबेना. ओव्हाळही हसायला लागले. मग ते जे म्हणाले ते विजयश्रींनी नंतर करिष्माला सांगितलं, आणि करिष्मानं जयसिंगला. ते म्हणाले, चौतीस वर्षं मी ज्याची तारीफ करत फिरलो तो शेवट बँडचा नव्हताच, तुझा होता. आणि आता जे झालं ते झालं, तो मला अजून आवडतो.

त्या दिवशी विजयश्री दवाखान्यात वीस मिनिटं उशिरा पोचल्या.

रविवारी बैठक भरली. ओव्हाळांनी सगळा प्रकार तक्त्यासकट सभेपुढे मांडला आणि ठराव आणला, की पहिल्या नंबरावर ‘विंटर एंजिन’ यावं, पण एकोणीस मिनिटं बेचाळीस सेकंदांचं. करिष्मानं विरोध केला. ती म्हणाली, ऑफिसात अशा गोष्टीला आम्ही बग म्हणतो; काका कितीही प्रेमानं सांगत असले तरी बग यादीत घालता येत नाही. मतं घ्यायचं ठरलं.

जयसिंगवर ओव्हाळांची भिस्त होती. पण जयसिंगनं आठवडाभर मोशीच्या रस्त्यावर पूर्ण गाणं ऐकलं होतं. बासरी येते तिथे ठेका परत त्याच सात मात्रांवर येतो आणि समेवर बसतो, असं त्यानं मांडीवर वाजवून दाखवलं. सम सोडून मृदंग खाली ठेवायचं त्याच्या हातून होणार नव्हतं. साहेब, माफी द्या, म्हणाला, पण माझं मत पूर्ण गाण्याला.

दोनास एक. राहिल्या विजयश्री. त्यांच्यापुढे आज सुपात सोलायचा मटार होता.

“मी पूर्ण गाण्याला,” त्या म्हणाल्या.

ओव्हाळांना हे अनपेक्षित होतं. स्वतःच्याच शेवटाविरुद्ध मत देतेस, असं त्यांनी बोलून दाखवलं. विजयश्री म्हणाल्या, की दवाखान्यातून पेशंट घरी सोडतात तेव्हा पिशव्या भरून होतात, नमस्कार होतात, आणि मग माणसं दारात उभी राहून आणखी पाच मिनिटं बोलत राहतात. औषध कुणी द्यायचं, कोण कुणावर रागावलंय, पोरगी फोन का उचलत नाही, सगळं खरं बोलणं त्या पाच मिनिटांतच निघतं. ते बोलणं ऐकायची त्यांना इतक्या वर्षांत सवय झाली होती. बासरीत त्यांना तेच ऐकू आलं. शिवाय, त्या म्हणाल्या, मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, मला घाई होती.

तीनास एक असा निकाल लागला. ओव्हाळांनी तो वहीत लिहिला आणि विजयश्रींना सही करायला लावली. मात्र शेऱ्याच्या जागी काय लिहायचं ते मी ठरवणार, असं त्यांनी सांगितलं, आणि हरलेल्या माणसाला एवढं द्यायला कुणाची हरकत नव्हती. करिष्मानं त्याचं इंग्रजी केलं. शेरा असा होता: या गाण्याची एक छोटी आवृत्ती दिघी येथे उपलब्ध असून तिचा शेवट सौ. विजयश्री ओव्हाळ यांनी केला आहे.

यादी वेबसाइटवर आली तेव्हा पिंपरी-चिंचवड पुण्याच्या खालीच छापलेलं होतं, चार सह्यांनिशी. दहा गाण्यांबद्दल कुणी फार काही बोललं नाही, पण शेऱ्याखाली तेवीस जणांनी प्रश्न विचारले. नॉर्वेतल्या एका माणसानं ती छोटी आवृत्ती कुठे विकत मिळेल असं विचारलं. पुण्याच्या एकानं लिहिलं, की दिघी पुण्यातच येतं. त्याला जयसिंगनं सविस्तर उत्तर दिलं.

ओव्हाळ आता पूर्ण गाणं ऐकतात. सकाळी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालताना ते लावतात, करिष्मानं भरून दिलेल्या नव्या पेन ड्राइव्हवरून. हातोडा पडला की झारी खाली ठेवतात आणि बारा सेकंद तसेच उभे राहतात. शेवटची चार मिनिटं आवडायला लागली का, असं करिष्मानं विचारलं, तर त्यांनी सध्या सात पूर्णांक चाळीस दिले आहेत आणि विचार चालू आहे असं सांगितलं. मागच्या महिन्यात ते सहा पूर्णांक ऐंशी होते.

आता काय करायचं, असा प्रश्न एका रविवारी निघाला. यादी तर झाली. जयसिंगनं सुचवलं, की नावडत्या गाण्यांची यादी करू या, घरातल्या घरात. ओव्हाळ म्हणाले, या बँडचं नावडतं असं एकही गाणं नाही.

विजयश्रींनी मटारच्या साली बाजूला सारल्या, पदराला हात पुसले आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. दवाखान्यात दुपारी पेशंट कमी असतात, त्या वेळात त्यांनी तो लिहून ठेवला होता. त्यावर अकरा गाणी होती. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.